झोपाळ्याच्या पडवीतला खुंटीचा सांधा दर उन्हाळ्यात उघडतो? खुंटी जाड करायच्या आधी हे तपासा

उत्तरायणाचे पतंग उतरले की बडोद्यात एक ठरलेली तक्रार सुरू होते. पडवीतला झोपाळा कुरकुरतोय, खांब आणि आडव्या तुळईच्या मध्ये फट दिसतेय, लाकडी खुंटी बोटभर बाहेर आलीय. मग मिस्त्री येतो, मोगरीने चार ठोके मारून खुंटी आत बसवतो, चहा पिऊन जातो, आणि होळीपर्यंत परत तेच. पुढच्या वर्षी जुनी खुंटी काढून त्याच भोकात जाड खुंटी ठोकतात, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारी एक लांब लोखंडी खिळा, आणि मग एका उन्हाळ्यात खांबालाच उभी चीर पडते. तोवर दहा-वीस रुपयांच्या खुंटीचं काम अख्खा खांब बदलण्यावर गेलेलं असतं.

माझं कामच जुन्या-नव्या लाकडी घरांच्या दुरुस्तीचं आहे म्हणून सरळ सांगतो, या तक्रारीत खुंटी कमजोर असणं हे कारण क्वचितच निघतं. तरी सगळे आधी खुंटीवरच तुटून पडतात, कारण ती डोळ्यांना दिसते आणि बाकीचं सगळं खांबाच्या पोटात असतं.

कुठल्या सांध्याबद्दल बोलतोय ते आधी स्पष्ट करतो. पुढे खांबांची रांग, मागे घराची भिंत, भिंतीतून निघून प्रत्येक खांबापर्यंत येणारी आडवी तुळई, आणि अशा दोन तुळयांवर टाकलेला एक जाड वासा ज्याच्या कड्यांना झोपाळा लटकतो. तुळईच्या टोकाला कुसू, म्हणजे टोक बारीक करून काढलेली जीभ, खांबात त्याच मापाची खोबण, कुसू खोबणीत सारून दोन्ही बाजूंनी आरपार भोक आणि त्यात खुंटी. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत असे सांधे अजून आहेत, आणि हल्ली फार्महाऊसवर 'वाड्यासारखी पडवी पाहिजे' म्हणून लोक नवीनही करून घेतात. गंमत म्हणजे त्रास नवीन पडव्यांमध्येच जास्त.

खुंटीचं काम काय आणि काय नाही

वरचं वजन खुंटीने उचलायचं नसतं. तुळईचं वजन तिच्या खांद्यावरून, म्हणजे कुसू जिथे सुरू होतं तिथल्या सपाट भागावरून आणि कुसूच्या खालच्या बाजूवरून, खांबात उतरलं पाहिजे. त्यासाठी चांगले मिस्त्री खांबात बारा-पंधरा मिलीमीटरची खाच घेऊन तुळईचं अख्खं तोंडच त्यात बसवतात. खुंटी फक्त एवढ्यासाठी की कुसू बाहेर ओढलं जाऊ नये. ती ओढ अडवते, भार पेलत नाही. जिथे खाच घेतलेली नाही, कुसूखाली पोकळी आहे आणि तुळई अक्षरशः खुंटीवर टांगलेली आहे, तिथे खुंटी कुसूच्या रेषांना आडवी दाबते आणि कुसू भोकातून लांबीला फाटतं. तुळईच्या खाली खांबाला लागून बॅटरी मारून बघा, कुसूच्या पोटाखाली काळोखी फट दिसली तर तुमचा प्रॉब्लेम इथेच आहे, पुढचं सगळं नंतर.

आता झोपाळ्याचा लोड. लोकांना वाटतं तिघंजण बसले म्हणजे प्रचंड ताकद लागत असणार. हिशोब करून बघू. पाटी आणि कड्या चाळीस किलो, माणसं एकशे ऐंशी, मिळून २२० किलो. झोपाळा दोन्हीकडे ३० अंशांपर्यंत जात असेल तर खालून जाताना कड्यांवर वजनाच्या १.२७ पट म्हणजे २८० किलोच्या आसपास ताण येतो, आणि आडवी ओढ जास्तीत जास्त वजनाच्या ०.४३ पट, म्हणजे ९५ किलो. ही दोन तुळयांत वाटली गेली तर एकेका सांध्याला पन्नास किलोसुद्धा नाही. पोरं उभं राहून ४५ अंशांपर्यंत चढवतात तेव्हा ०.६ पट धरा. पंचवीस मिलीमीटरच्या चांगल्या खुंटीला हे काहीच नाही.

मग बिघडतं कुठे? ही ओढ दर झोक्याला दिशा बदलते. दोन मीटर लांब कड्यांचा झोपाळा एक पूर्ण झोका साधारण २.८ सेकंदांत घेतो, म्हणजे जेवणानंतर अर्धा तास बसलात तर सहाशेच्या वर वेळा सांधा ओढला जातो आणि तितक्याच वेळा ढकलला जातो. सांधा घट्ट असेल तर यातलं काही जाणवत नाही. पण आत दोन मिलीमीटर ढिलाई असली की प्रत्येक वेळी तुळई ती दोन मिलीमीटर मोकळी सरकून खुंटीवर आदळते. कुरकुर ऐकू येते ती हीच. भोक लांबट होत जातं, ढिलाई वाढते, ठोका मोठा होतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की आधी ढिलाई कुठून आली ते शोधा, ताकदीचा प्रश्न नंतर.

ढिलाई येते कुठून

लाकूड सुकताना लांबीला जवळपास आकसत नाही, आडवं मात्र आकसतं. हिरव्यापासून पूर्ण सुकेपर्यंत साग वाढीच्या वलयांना स्पर्शून जाणाऱ्या दिशेने साडेपाच टक्क्यांच्या आसपास आकसतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मा, आणि लांबीला नगण्य. आता सांध्यात बघा. खांबाच्या तोंडापासून खुंटीच्या भोकापर्यंत समजा ५० मिलीमीटर आहेत. खांबात हे ५० आडवे आहेत, ते आकसणार. कुसूत खांद्यापासून भोकापर्यंतही ५० च, पण ते लांबीचे, ते आकसणार नाहीत. लाकूड २८ टक्के ओलाव्यावर बसवलं आणि १० टक्क्यांवर सुकलं तर खांबातले ५० चे ४८ आणि थोडे होतात, कुसूतले ५० तसेच राहतात. फरक पावणेदोन मिलीमीटर. तीच तुमची फट. यात कोणी काही तोडलेलं नाही, कोणी जास्त जोरात झोका घेतलेला नाही.

ऋतूंचा फरक त्यामानाने लहान असतो. मे महिन्यात इथली हवा कोरडी ठाक आणि ऑगस्टमध्ये पापड नरम पडणारी, तरी दीडशे मिलीमीटर जाड खांबाच्या आत ओलावा पटकन बदलत नाही. पाच टक्क्यांचा फरक धरला तरी त्या ५० मिलीमीटरमध्ये जेमतेम अर्धा मिलीमीटर. यावरून एक सोपी टेस्ट करता येते. हॅकसॉचं तुटकं ब्लेड घ्या, ते अर्ध्या मिलीमीटरपेक्षा किंचित जाड असतं. एप्रिल-मेमध्ये फटीत सारून बघा. ब्लेड शिरत नसेल किंवा कसंबसं शिरत असेल तर ते हवामान आहे, पावसाळ्यात आपोआप मिटेल, हात लावू नका. दोन-तीन ब्लेडं एकावर एक आरामात जात असतील तर लाकूड ओलं बसवलं होतं किंवा आत काहीतरी मोडलंय.

आणि ओलं लाकूड बसवलं जाणं ही हल्ली नेहमीची गोष्ट आहे. वलसाडी साग म्हणून विकलं जाणारं प्रत्येक लाकूड वलसाडकडचं नसतं, कंडला-गांधीधामवरून येणारा इंपोर्टेड लागवडीचा साग वखारीत भरपूर असतो, ओंडका तुमच्या ऑर्डरप्रमाणे चिरून आठवड्यात साइटवर. वरून हात लावला तर कोरडा लागतो, आत ओलावा वीस-पंचवीस टक्के. मॉइश्चर मीटर हजार-दोन हजारांत मिळतो, पण त्याच्या पिना वरच्या थरातच शिरतात, म्हणून टोकाकडून फूटभर कापून नव्या तोंडावर रीडिंग घ्या. वखारवाला कापू देत नसेल तर समजून जा. इंडियन स्टँडर्ड २८७ मध्ये हवेच्या दमटपणावरून देशाचे चार झोन पाडून कुठे किती ओलावा चालेल ते दिलंय, आर्किटेक्टकडे कॉपी असते, ऑर्डर देताना तो आकडा लिहून घ्या.

सांधा वाचायचा कसा

आधी झोपाळा उतरवा. मग तुळईखाली टेकू द्या, जॅक असेल तर उत्तम, नसेल तर बल्ली आणि पाचर, आणि टेकू फरशीवर थेट नको, खाली फळी टाका. हे केल्याशिवाय खुंटीला हात लावायचा नाही, वर मजला किंवा कौलं असतील तर अजिबातच नाही.

फट वर-खाली सारखी असेल तर वर सांगितलेलं आकसणं. फट वर उघडी आणि खाली मिटलेली असेल, किंवा उलट, तर तुळई फिरतेय, म्हणजे खांब-तुळयांची चौकट काटकोनात राहत नाहीये, एका बाजूला कलतेय. तिथे खुंटी बदलून शून्य फायदा, ब्रेस, म्हणजे कोपऱ्यातला तिरपा आधार, पाहिजे, त्यावर पुढे लिहितो. भिंतीच्या टोकाकडेही नजर टाका, तुळई जिथे भिंतीत शिरते तिथलं प्लास्टर गोल तडकलं असेल तर खांबाकडचा सांधा ढिला पडून सगळी ढकलाढकल भिंत सोसतेय.

मग खुंटी बाहेर काढा, बारीक टोकाकडून, तिच्यापेक्षा थोड्या बारीक दांडक्याने ठोकून. निघालेली खुंटी फेकू नका, ती बरंच काही सांगते. सरळ आणि गुळगुळीत निघाली, म्हणजे तिच्यावर कधी धड दाब आलाच नाही, भोक आरपार सरळ मारलं होतं आणि ती नुसती तिथे बसली होती. मध्ये किंचित वाकलेली, दोन ठिकाणी दबल्याच्या खुणा, म्हणजे ती कामाला होती, चांगलं लक्षण आहे. दोन ठिकाणी कापल्यासारखी तुटलेली असेल तर खरोखर लोड जास्त झाला किंवा खुंटीचं लाकूड रेषा तिरप्या असलेलं होतं.

खुंटी काढल्यावर भोकात बॅटरी मारून कुसूकडे बघा. भोकापासून कुसूच्या टोकापर्यंत जे लाकूड उरतं, त्याला मी शिल्लक म्हणतो, तिच्यात दोन समांतर चिरा गेल्यात का? तारेचा आकडा करून आत फिरवला की चिरेत अडकतो. शिल्लक निघून आलेली असेल, म्हणजे खुंटी जागेवर आणि कुसू मागे सरकलंय, तर त्या कुसूवर आता कुठलीही खुंटी धरणार नाही, सोन्याची असली तरी.

शेवटी खांबाचं तोंड. दोन खुंट्या एकावर एक सरळ रेषेत आहेत आणि दोन्ही भोकांना जोडणारी उभी चीर दिसतेय? खुंटी तुटणं आणि शिल्लक फाटणं यानंतर हा मोडण्याचा तिसरा प्रकार, खोबणीची भिंत फाटणं. आणि खाली मैद्यासारखी बारीक पूड पडत असेल तर भुंगा लागलाय, तो पांढऱ्या कच्च्या लाकडात आधी शिरतो, तिथे सांध्याची चर्चा थांबवून आधी औषध. ज्यांच्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं होतं त्यांनी खांबाचा पाय पटाशीने टोचून बघावा, पाय कुजून खांब खाली बसला की वरचा सांधा उघडतो आणि आपण वर शोधत बसतो.

खुंटी जाड करण्याने नेमकं काय बिघडतं

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच ठिकाणी होतं.

खुंटीच्या सांध्यात तीन गोष्टी मोडू शकतात, खुंटी, कुसूची शिल्लक आणि खोबणीची भिंत. खुंटी मोडते ती हळूहळू, वाकते, दबते, आवाज करते, तुम्हाला महिनोन्महिने कळत राहतं. बाकीच्या दोन गोष्टी फाटतात त्या एकदम, आणि दुरुस्तीला महाग. अमेरिकेत वायोमिंग विद्यापीठात रिचर्ड श्मिट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात असे सांधे मशीनवर ओढून तोडले तेव्हाही हेच तीन प्रकार दिसले, आणि भोकाच्या पुढे-मागे पुरेसं लाकूड ठेवलं तर मोडणं खुंटीवर येतं हेही दिसलं. तिथल्या टिंबर फ्रेम इंजिनिअरिंग कौन्सिलच्या टीएफईसी १ या स्टँडर्डमध्ये खुंट्यांच्या सांध्याची गणितं दिलेली आहेत. स्टीलच्या बोल्टसाठी जोहान्सन या डॅनिश इंजिनिअरने १९४९ मध्ये मांडलेली पद्धत घेऊन त्यात लाकडी खुंटी आडवी कापली जाण्याचा एक जास्तीचा प्रकार जोडलाय, कारण बोल्ट असा कापला जात नाही, खुंटी जाते.

म्हणजे डिझाइन असं हवं की मोडायचीच वेळ आली तर खुंटी मोडावी. आता तुमच्या खांबात बघा. खांब दीडशे बाय दीडशे, कुसू ४० जाड आणि ११० लांब, भोकाचा मध्य खांद्यापासून ५० वर. शिल्लक उरली ६०. खुंटी २० ची असेल तर शिल्लक खुंटीच्या तिप्पट. २५ ची असेल तर २.४ पट. आणि मिस्त्रीने 'मजबूत पाहिजे ना' म्हणून ३२ ची ठोकली तर दुप्पटही नाही. खुंटी मजबूत झाली, बाकीचं दोन्ही कमजोर झालं, आणि मोडण्याची जागा तुम्ही स्वतः स्वस्त वस्तूवरून महाग वस्तूवर नेऊन ठेवलीत. मी स्वतः मध्यापासून टोकापर्यंत किमान तिप्पट धरतो, जागा असेल तर चौपट, आणि खांबाच्या तोंडाकडून अडीच पटीच्या खाली जात नाही.

जास्त ताकद खरोखर हवी असेल तर एका जाड खुंटीऐवजी दोन बारीक घ्या. कापलं जाण्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं, २५ ची एक म्हणजे ६२५, वीसच्या दोन म्हणजे ८००, म्हणजे सव्वापट जास्त, आणि शिल्लकही तिप्पट राहिली. फक्त त्या दोन्ही खांबाच्या एकाच उभ्या रेषेवर नकोत. एक खांद्यापासून ५० वर आणि दुसरी ६२ वर अशी थोडी मागेपुढे घ्या म्हणजे चिरेला सरळ रस्ता मिळत नाही. मागच्या खुंटीची शिल्लक बारा मिलीमीटरने कमी होते तेवढं कुसू लांब ठेवावं लागतं, म्हणून हे नवीन कामात सोपं, जुन्यात नाही.

कोणी म्हणेल खुंटी खांद्याच्या अगदी जवळ घ्या की, आकसण्याची फटही कमी पडेल आणि शिल्लकही वाढेल. बरोबर, पण मग खांबाच्या तोंडाकडचं लाकूड इतकं थोडं उरतं की तीच भिंत फाटते. दोन्हीकडून ओढाताण आहे, म्हणून ४५-५० च्या आसपास सगळे येऊन थांबतात.

दुरुस्ती

साधं आकसणं असेल, काही फाटलेलं नसेल, तर सांधा परत ओढून घ्यायचा. रॅचेट पट्टा किंवा लांब क्लॅम्प लावून तुळई खांबात पूर्ण बसवा, मग बघा भोकं कुठे येतात. कुसूतलं भोक आता खांबातल्या भोकाच्या पुढे, आतल्या बाजूला सरकलेलं दिसेल. पाहिजे याच्या उलट. कुसूतलं भोक खांद्याच्या बाजूला दोन ते तीन मिलीमीटर असलं पाहिजे, म्हणजे खुंटी आत जाताना किंचित वाकते आणि खांद्याला खांबावर दाबून धरते. वाकलेली खुंटी स्प्रिंगसारखी ओढत राहते, लाकूड पुढे आणखी अर्धा-एक मिलीमीटर आकसलं तरी ती ओढ संपत नाही, आणि वाकलेली असल्यामुळे आपोआप बाहेरही येत नाही. जुन्या सुतारांचा सगळा भरवसा या सरकवलेल्या भोकावर होता. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात लोक भिंतीवरची चित्रं बघायला जातात. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, तेव्हाच्या काळाचा तो वाडा. मी म्हणेन चित्रं बघून झाली की मान वर करून खांब-तुळयांकडेही दोन मिनिटं बघा.

तर, कुसूतलं जुनं भोक सागाच्याच तुकड्याने, इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का डिंक) लावून बुजवायचं. बुजवायच्या आधी आतून थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसून घ्या, साग तेलकट असतो, नाहीतर इपॉक्सी धरत नाही. एक दिवस वाळू द्या. मग कुसू खोबणीत पूर्ण बसवून क्लॅम्प आवळा, खांबाच्या भोकातून ऑगर बिट (लाकडात खोल भोक पाडायचं गिरमिट) आत घालून कुसूवर फक्त टोकाची खूण करा, भोक पाडू नका. कुसू बाहेर काढा, ती खूण खांद्याच्या दिशेला दोन मिलीमीटर सरकवा आणि तिथे भोक मारा. सुक्या लाकडाला दीड-दोन पुरे, ओलं असेल तर तीन. पाच-सहा करू नका, खुंटी ठोकतानाच शिल्लक फुटते आणि तो आवाज आल्यावर परत मागे फिरता येत नाही.

सांधा उघडून कुसू बाहेर काढणं शक्य नसेल, वर छप्पर बसलंय, तर क्लॅम्प आवळलेला ठेवून खांब-कुसू-खांब असं एकत्रच थोडं मोठं भोक मारावं लागतं आणि पुढच्या मापाची खुंटी. यात वाकलेल्या खुंटीची खेच मिळत नाही, नुसती फट मिटते. आणि वर सांगितलेलं माप आधी तपासा, शिल्लक तिपटीच्या खाली जात असेल तर हा मार्ग बंद.

खुंटीबद्दल. बाजारात मिळणारे गोल रेघा पाडलेले डॉवेल फर्निचरसाठी असतात, ते इथे चालत नाहीत. लेथवर काढलेल्या दांड्यातही रेषा तिरप्या कापल्या जातात, मग खुंटी तिरप्या रेषेवर तुटते. देशी बाभळीचा सरळ रेषांचा तुकडा घेऊन तो कुऱ्हाडीने किंवा जाड सुऱ्याने फोडायचा, कापायचा नाही, फोडल्यावर तो रेषेवरच फुटतो. मग रंध्याने आठ पैलू. खुंटीचं लाकूड चौकटीच्या लाकडापेक्षा हलकं असू नये एवढा नियम पाळा, सागाला बाभूळ झकास. दाराच्या चौकटीसाठी सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या, स्पेसिफिकेशनमध्ये हार्डवुड किंवा बांबूच्या पिना चालतात, त्यावरून काही जण इथेही बांबू सुचवतात, पण चौकट वेगळी आणि झोपाळा वेगळा. खुंट्या मे महिन्यात गच्चीवर उन्हात टाका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा, वजन उतरायचं थांबलं की सुकल्या. लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद, नाहीतर परत ओलावा ओढतात.

निमुळतेपणा फक्त पुढच्या एक तृतीयांश भागात ठेवा. अख्खी खुंटी गाजरासारखी निमुळती केली की दर धक्क्याला ती मागे ढकलली जाते, 'खुंटी आपोआप बाहेर येते'चं हे एक मोठं कारण आहे. दोन्हीकडून दोन-तीन सेंटीमीटर बाहेर राहू द्या, दिसायला बरी दिसते आणि पुढेमागे काढता येते. खुंटीला फेव्हिकॉल नको, थोडं मेण चोळलं तर चालतं. आणि खुंटी अडकवायला लोखंडी खिळा तर मुळीच नको, ओलाव्यात लाकडाशी लोखंडाचं जमत नाही, काळा डाग पडतो, खिळा गंजून फुगतो आणि खुंटीच फाडतो.

शिल्लक निघून गेली असेल तर कुसू संपलं. दोन रस्ते. तुळईच्या टोकाला खाच घेऊन सागाचं किंवा बाभळीचं वेगळं कुसू इपॉक्सी आणि बोल्टने बसवणं, किंवा कुसू लांब करून खांबाच्या आरपार बाहेर काढणं आणि बाहेरच्या बाजूला त्यात पाचर मारणं. मला दुसरा आवडतो, पाचर ढिली झाली की पोरगंसुद्धा मोगरीने एक ठोका मारून आवळू शकतं. पण खांबाच्या पलीकडे दहा-पंधरा सेंटीमीटर बाहेर येतं, रस्त्याला लागून पडवी असेल तर कपाळाची काळजी घ्या.

खांबाची भिंत फाटली असेल तर चिरेत इपॉक्सी भरून, आडवे क्लॅम्प लावून, चिरेला काटकोनात दोन स्टेनलेस बोल्ट आरपार. ते बोल्ट चीर परत उघडू नये म्हणून आहेत, सांध्याची ओढ त्यांच्यावर नाही. जुनी भोकं बुजवून नवीन खुंट्या मागेपुढे घ्या.

चौकट कलत असेल तर ब्रेस. झोपाळा ज्या दिशेने झुलतो त्या दिशेत, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात ४५ अंशात तिरपा तुकडा, आणि दोन खांबांना मिळून जोडी पाहिजे. ब्रेस दाबाला जबरदस्त असतो कारण तिथे लाकूड लाकडावर टेकतं, ओढीला मात्र त्याची खुंटी एकटीच असते, म्हणून एक दाबात असताना दुसऱ्याने ओढीत फार काही करायची गरज पडू नये. एकाच कोपऱ्यात एक ब्रेस लावून 'झालं' म्हणणारे खूप आहेत, झोका एकीकडे जाताना थांबतो, परत येताना कुरकुरतो. एका बाजूला भिंत असेल आणि ती जाड विटांची, न तडकलेली असेल तर तिकडचं काम भिंत करते, तेवढी सूट.

फटीत पुट्टी किंवा लाकडाचा भुसा-फेव्हिकॉल भरणं हा प्रकार तर मला कळतच नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा ती भरलेली पुट्टी पाचरीसारखी काम करते आणि खांदा आणखी मागे ढकलते, खुंटी बिचारी ताणात. जुलै-ऑगस्टमध्ये 'काही न करता' चीर पडलेल्या कितीतरी केसेस अशा निघतात.

काम कधी काढायचं यालाही महत्त्व आहे. फेब्रुवारी ते मेअखेर, लाकूड सगळ्यात सुकं असताना. तेव्हा आवळलेला सांधा पावसाळ्यात अजून आवळतो. जुलैत फुगलेल्या लाकडात भोक मापून मारलं तर दिवाळीनंतर परत खेच कमी पडते. काम झाल्यावर खांब आणि तुळईवर सांध्याच्या आरपार पेन्सिलची एक बारीक रेघ ओढून ठेवा आणि तारीख लिहा, पहिले आठ दिवस झोपाळ्यावर एकट्यानेच बसा, मग खुंटी एकदा ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर अजून सेंटीमीटरभर आत जाईल. रेघ पुढच्या मेमध्ये तपासा, अर्ध्या मिलीमीटरपर्यंत सरकली असेल तर सोडून द्या. दोनच्या वर सरकली असेल आणि पडवीच्या वर खोली किंवा पाण्याची टाकी असेल तर मिस्त्रीला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि तो येईपर्यंत टेकू काढू नका.